आबदारमामांची जीभ

आबदारमामा बिअर आधी ऐकायचे. पेला भरला की तो तोंडाला न लावता उजव्या कानाशी धरायचे आणि फेस खाली बसेपर्यंत तसेच उभे राहायचे. त्या वेळी वखारीत कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मग एक घोट. तो या गालातून त्या गालात फिरे, सावकाश गिळला जाई, आणि मामा खिडकीबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाकडे बघत बसत. थोड्या वेळानं म्हणत, "आला." म्हणजे चवीचा शेवट आला. त्यानंतर निकाल. तो निकाल चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि अगदी पहिल्या दिवसापासून मला त्यांचा हेवा वाटू लागला.

महायुद्धाची वर्षं होती. नगरच्या कॅम्पात गोऱ्या सैनिकांची गर्दी झाली होती आणि आमचे शेठ त्यांच्या मेसना आणि कॅन्टीनना बिअर पुरवत. मी संगमनेरचा, मॅट्रिक झालेला, वय सत्तावीस, शेठच्या दुकानात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायला लागलेला. गावी वडिलांना मी 'सोडावॉटरच्या डेपोत' असल्याचं कळवलं होतं. विलायती माल बोटींच्या अडचणींमुळे क्वचितच यायचा. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या बाटल्या अधूनमधून यायच्या. बाकी सगळी इथलीच, उत्तरेकडच्या डोंगरांतली नाहीतर निलगिरीकडची, आणि तिचा भरवसा नसे. रेल्वेच्या एका वाघिणीतला माल अमृत, तर पुढच्या वाघिणीतला ओतून द्यावा असा. म्हणून स्टेशनवरून पेट्या आल्या की प्रत्येक खेपेतली एक बाटली मामांनी फोडायची, आणि कोणती कुठे पाठवायची ते ठरवायचं, असा शिरस्ता होता.

मामांचं नाव शमवेल. नेवाशाकडचे, प्रवरेकाठच्या एका खेड्यातले ख्रिस्ती शेतकरी. वीस वर्षं एका पलटणीच्या मेसमध्ये ते आबदार होते, म्हणजे साहेबलोकांच्या पेयांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. पलटणीबरोबर क्वेट्ट्यापासून बंगलोरपर्यंत फिरले. पलटण परदेशी गेली तेव्हा उतरत्या वयाचे मामा नगरला राहिले आणि शेठनी त्यांना उचललं. डोक्याला पांढरा फेटा, अंगात घडी मोडलेला काळा कोट, पायात वहाणा. इंग्रजी त्यांना तोडकंमोडकं यायचं, वाचता अजिबात येत नव्हतं. बाटलीवरचं लेबल मी वाचायचो. लेबलाच्या आत काय आहे ते मामा वाचायचे.

त्यांची सगळी भाषा शेतातली आणि चुलीपुढची होती. काळ्या, दाट स्टाउट बिअरला ते म्हणत, "भाकरीचा करपल्याला पापुद्रा, त्यावर काकवीचा थेंब." फिक्या रंगाची पेल एल चांगली असली तर, "लिंबाच्या मोहराखाली बसून हुरडा खाल्ल्यावानी." सोनेरी, हलक्या लागरबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "सोच्छ हाय, पन पावन्यावानी बसती. घरातली होत न्हाई." बर्फ घालून पिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. पेट्या ओल्या गोणपाटात ठेवून जेवढा गारवा येईल तेवढाच पुरे, असं त्यांचं म्हणणं. "लई गार केली की जीभ झोपती. मग काय बी पाजा."

त्या दिवसांत सैनिकांमध्ये अशी समजूत होती की इथल्या बिअरमध्ये कसलंसं औषध मिसळलेलं असतं. ते बूच काढून बाटली पाण्याच्या पेल्यात उलटी धरायचे, म्हणजे ते औषध खाली उतरून येईल. मामांनी एकदा हा प्रकार शांतपणे पाहिला आणि मला म्हणाले, "औषध न्हाई त्यात, भाऊसाहेब. घाई हाय. मुरू दिली न्हाई कुनी." पुढं कितीतरी वर्षं मी हे वाक्य माझं म्हणून लोकांना ऐकवलं.

त्यांची स्वतःची आवड सगळ्यांना विचित्र वाटे. विलायती बाटल्या हाताशी असताना मामांना आवडायची ती उत्तरेच्या डोंगरातली फिकी, कडवट पेल एल. स्वस्तातली म्हणून ऑफिसर तिला नाकं मुरडत. मामा म्हणत, "ही लबाडी करत न्हाई. पयल्या घोटाला जे सांगती तेच शेवटाला." महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, ते तिची एकच बाटली घेऊन वखारीच्या पायरीवर बसत आणि तासभर पुरवत. त्यापलीकडे थेंब नाही. मला आवडायची ती गोडसर स्टाउट. मी हे लपवून ठेवलं होतं, कारण स्टाउट ही आजारातून उठलेल्यांनी प्यायची, असं एका कॅप्टनच्या तोंडून मी ऐकलं होतं. मामांना ते न सांगता कळलं. "लाजायचं काय त्यात? ज्याला काळी आवडती त्याला घरची सय येती," ते म्हणाले. खरंच त्या दिवसांत मला संगमनेरची फार आठवण यायची, आणि ती ओळखली गेल्याचा मला संताप आला.

एक सार्जंट आमच्या दुकानात नेहमी यायचा. कोळशाच्या खाणींच्या गावचा, मोठ्या हाडापेराचा. त्याला त्याच्या गावच्या पबातली बिअर हवी असायची. काळसर, हलकी, फेस जवळजवळ नाहीच. तिचं वर्णन त्यानं माझ्यापाशी बसून कितीदा केलं असेल. माझं इंग्रजी चांगलं, त्याचा शब्द न् शब्द मला समजायचा, आणि मी त्याला एकेक बाटली दाखवत राहायचो. तो मान हलवून निघून जायचा. एक दिवस मामांनी त्याला फक्त तीन प्रश्न विचारले, तेही हातवारे करून. तुझा बाप काय काम करून आल्यावर ती प्यायचा, किती पेले प्यायचा, आणि त्यानंतर जेवायचा का. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून एक पेल एल उघडी टाकून तिचा जोर घालवला, तिच्यात दुप्पट स्टाउट मिसळली आणि संध्याकाळी सार्जंटपुढे ठेवली. त्यानं घोट घेतला, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मला त्याचं दुःख दिसलंच नाही. मला दिसत होतं एवढंच की हे मला जमलं नाही.

मी वही केली. मामा जे म्हणतील ते टिपून ठेवायचो आणि दुपारी वखारीत कोणी नसताना बाटल्या फोडून ते शब्द चवीवर लावून बघायचो. भाकरी कुठे, काकवी कुठे, मोहर कुठे? मला सगळ्या बिअरी कमीजास्त कडू पाण्यासारख्या लागायच्या. एकदा मामांनी मला पकडलं. वहीकडे बघून हसले. "तुमी जिभेनं पीत न्हाई, कागदानं पिता," म्हणाले आणि माझ्या पेल्यात उरलेलं ओतून दिलं. शिकवणीचाच एक भाग म्हणून ते बोलले असतील. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

मला सगळ्यात सलायचं ते हे, की त्यांना त्याचा काही मोठेपणा नव्हता. उलट त्या जिभेपायी त्यांना सोसावंच लागायचं. त्यांची ख्रिस्ती मंडळी दारूला शिवणाऱ्याला जवळ करत नसे. पाळकसाहेबांनी त्यांना प्रभुभोजनाला पुढे यायची मनाई केली होती. दर रविवारी मामा स्वच्छ कोट घालून चर्चमध्ये जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि भाकर-द्राक्षारस वाटला जाताना मान खाली घालायचे. "मामा, एवढं आहे तर सोडा ना हे काम," मी एकदा म्हणालो. त्यात माझा स्वार्थ होता. मामा म्हणाले, "देवानं दुसरं काय दिलंय मला? शेत भावानं केलं, लिवनं-वाचनं न्हाई. ही एक जीभ दिली. ती बंद ठिवली तर त्याला काय सांगू?"

आणि मग एका हिवाळ्यात ती जीभच गेली.

मामांना मोठा ताप आला. तीन आठवडे कॅम्पाच्या कडेच्या आपल्या खोलीत पडून होते. उठून कामावर आले तेव्हा अर्धे झाले होते, पण पेला कानाशी धरण्यापासून "आला" म्हणण्यापर्यंत सगळं पूर्वीसारखंच केलं. फक्त निकाल दिला नाही. "दुपारी बघू," म्हणाले. दुपारी शेठ जेवायला गेल्यावर त्यांनी मला वखारीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"भाऊसाहेब, माझं त्वांड मेलं."

"म्हणजे?"

"कशाची चव लागत न्हाई. वास बी न्हाई. मिरची खाल्ली तर नुसती आग लागती." त्यांनी लोटलेलं दार पुन्हा एकदा चाचपलं. "शेठला कळलं तर मी कुठं जाऊ? तुमी पिऊन सांगा मला. मी इचारतो, तुमी सांगा. जरा दिस. परत येईल ती."

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. तोंडानं मी म्हणालो, "मामा, काळजी करू नका."

पुढचे सात महिने माझ्या तोंडानं मामा चव घेत राहिले. सकाळी सगळ्यांदेखत ते आपला विधी करायचे, निकाल दुपारवर टाकायचे, आणि दुपारी दार लोटून मी प्यायचो. मी घोट घेतला की मामा समोर बसून विचारायचे. जिभेच्या टोकाला काय आहे? कडेला? गिळल्यावर घसा कोरडा पडतो का पाणी सुटतं? आंबट आहे म्हणता, ते ताक का आंबील का चिंच? डोळे मिटू नका, खिडकीबाहेर बघा. घाई करू नका. शेवट येऊ द्या.

आणि एका दुपारी तो आला. एका डोंगरी पेल एलचा घोट गिळून मी लिंबाकडे बघत बसलो होतो, आणि कडवटपणा ओसरल्यावर मागून अगदी हलका, कोवळ्या दाण्याचा गोडवा वर आला. हुरडा! मी मोठ्यानं ओरडलो. मामा उठून माझ्याजवळ आले आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "घावला! घावला तुमाला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या चवीला ते आता मुकले होते ती मला सापडली म्हणून त्यांना एवढा आनंद व्हावा, हे मला समजलंच नाही.

त्यानंतर माझी जीभ सुटली. प्रश्न विचारायच्या आतच मला कळू लागलं. आणि इथून माझ्या जळण्याला खरं निमित्त मिळालं. पूर्वी मी त्यांच्याजवळ होतं त्याचा हेवा करत होतो, आता माझ्याजवळ आलेलं त्यांच्या नावावर जात होतं. शेठ म्हणायचे, "आजारपणानंतर मामांची जीभ आणखी तिखट झाली." मेसचे साहेब मामांना सिगारेटचे डबे पाठवायचे. मामा ते सगळे माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मला सिगारेट नको होती. मला नाव हवं होतं.

युद्ध संपलं. एका पलटणीची मायदेशी जायची वेळ आली आणि त्यांच्या मेसमध्ये निरोपाचं जेवण ठरलं. मेजरनं शेठना चिठ्ठी पाठवली, ती नेहमीप्रमाणे मीच वाचून दाखवली. कोणती बिअर, किती पेट्या, याचा त्यात शब्दही नव्हता. एवढंच लिहिलं होतं की आबदार म्हणेल ती. शेठ हसले. मामा संकोचून फेटा सारखा करू लागले. मी चिठ्ठीची घडी घातली आणि ती फायलीत लावली.

मामांनी आपली आवडती डोंगरी पेल एल ठरवली. पेट्या आल्या त्या स्टेशनच्या मालधक्क्यावर बरेच दिवस उन्हात तापलेल्या. दुपारी दार लोटून मी घोट घेतला. सुरुवात ठीक होती. मग शिळ्या लोण्याचा वास आला, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी शिरक्यासारखी आंबट धार. माल बिघडला होता. कोणी न विचारता, एका घोटात मला ते कळलं होतं.

"आला?" मामांनी विचारलं.

"आला."

"मागं काय ऱ्हातं?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"आंबट न्हाई ना?"

"नाही, मामा. उत्तम आहे."

मामा माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिले. मग खडू घेऊन त्यांनी पेट्यांवर आपली गोल खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेजर स्वतः दुकानात आला. रात्रीच्या जेवणाचा विचका झाला होता. पाहुण्यांनी पेले तसेच ठेवून दिले होते. त्यानं एक बाटली मामांपुढे आपटली आणि पी म्हणाला. मामांनी पेला भरला. कानाशी धरला नाही. एका दमात सगळा पेला प्यायले आणि माझ्याकडे वळले. एरवी ते साहेबांशी पलटणी हिंदुस्थानीत बोलत. त्या दिवशी मराठीत बोलले, आणि भाषांतर मला करावं लागलं.

"साहेबाला सांगा, माझ्या तोंडाला चव न्हाई. ताप आल्ता तवाच गेली. सात म्हैने मी काय पितो ते मला ठावं न्हाई. मी लपवलं."

मी सांगितलं. शेठ मटकन खुर्चीत बसले. मेजर गोंधळला. त्यानं विचारलं, "मग सात महिने आम्हाला जो चांगला माल मिळत होता तो कोणी निवडला?" हाही प्रश्न मी मामांना मराठीत विचारला.

मामा म्हणाले, "भाऊसाहेबांनी. जीभ त्यांची. माझ्यापरीस चांगली हाय. काल इचारन्यात माझी चूक झाली, त्यांची न्हाई."

मी ते भाषांतर केलं. शेवटचं वाक्यसुद्धा. एकही शब्द गाळला नाही.

मामा त्याच दिवशी गावी गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. मेजरनं माझा हात हातात घेतला. शेठ मला 'भाऊसाहेब' म्हणू लागले. चारेक वर्षं मी नगरच्या कॅम्पात बिअर चाखली, आणि माझा निकालही कधी चुकला नाही. पण प्रत्येक घोटाला मामांचे प्रश्न ऐकू यायचे. बाटली मी फोडायचो, खिडकीबाहेर बघायचो, आणि विचारणारे तेच असायचे. माझं असं त्यात काही नव्हतं. गोरे गेले, मेसमध्ये आपले ऑफिसर आले, आणि मग दारूबंदी आली. शेठनी दुकान मिटवलं. माझ्या जिभेला आता कोणी विचारणार नव्हतं. तेव्हा कुठे मला मामांकडे जायचं धैर्य झालं.

नगरहून मोटारीनं नेवाशाला, तिथून पायी. मामा भावाच्या शेतात उसाला पाणी देत होते. मला बघून कुदळ टाकून धावत आले. मामींना हाक मारून म्हणाले, "अगं, भाऊसाहेब आलं! कालवण टाक!" जेवण झाल्यावर आम्ही दोघं बांधावर बसलो. तोंडाला चव आली का, मी विचारलं. "थोडी. मीठ कळतं, मामीच्या हातचं तिखट कळतं. बाकी न्हाई." मग मी सांगून टाकलं.

"मामा, तो माल खराब होता. मला कळलं होतं."

"ठावं हाय," मामा म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापासनं. खराब घोट गिळताना तुमचा उजवा डोळा बारीक व्हतो. त्या दिशी झाल्ता."

"मग खूण का केलीत?"

मामांनी हात लांबवून पाटाच्या पाण्यात अडकलेला पाचोळा काढला. "सात म्हैने तुमच्या तोंडानं चव घेतली, भाऊसाहेब. तुमाला खोटं म्हनलो असतो, तर मागलं समदंच खोटं झालं असतं. म्हनलं, आपलाच डोळा चुकला आसंल."

"राग नाही आला?"

"आला की. दोन सालं हुता." ते उठले आणि कुदळ उचलली. "मग ऊस लावला. उसाला लई काम असतं."

निघताना त्यांनी मला शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या बैलगाडीत बसवून दिलं. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी मध्येच हात धरले. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच साली ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी नगरच्या दुकानातलं का?"

"हो."

"मंग तुमाला ठावं आसंल. आबदार नेमी सांगत्यात. तितं एक कारकून व्हता म्हनं. लई शिकल्याला, पन मिजास न्हाई. ह्यांचं त्वांड गेलं तर सात म्हैने सोताची जीभ दिली म्हनं त्यानं. कुनाला पत्ता लागू दिला न्हाई. असा मानूस सख्ख्या भावात बी घावायचा न्हाई, म्हनत्यात. कोन हो त्यो?"

"होता एक," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं बैलांना हाकारलं. मामांचा हेवा मी इतकी वर्षं केला होता. पण ज्या माणसाबद्दल ते गावभर असं सांगत होते, त्या माणसाचा त्या दुपारी मला जेवढा हेवा वाटला, तेवढा कधी मामांचाही वाटला नव्हता.